एकादशीच्या रात्री सहार विमानतळावर

डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ आणि इंटरनॅशनल म्हणजे सहार, हे समीकरण माझ्या पिढीच्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की मुंबईच्या विमानतळाचा विषय निघाला की ते आपोआप तोंडात येते. याच समीकरणाने काही वर्षांपूर्वी मला तोंडघशी पाडले. दिल्लीला भाचीच्या लग्नाला निघाले होते; प्रवास देशातल्या देशात, म्हणून पुण्याहून केलेल्या टॅक्सीच्या चालकाला मी बिनधास्त विलेपार्ल्याच्या बाजूच्या टर्मिनल १ वर, म्हणजे आमच्या ‘सांताक्रूझ’वर, गाडी घ्यायला सांगितली. दारावरच्या जवानाने कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपकी फ्लाइट टी-टू से है." सहारचे टर्मिनल २ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत देशांतर्गत विमानेही तिथून सुटू लागली, ही बातमी मी वाचलेली होती, तिकिटावरही ‘टी २’ असे स्वच्छ छापलेले होते. तरीही मी तिकिटावर विसंबले नाही, सवयीवर विसंबले. दोन्ही टर्मिनलांच्या धावपट्ट्या त्याच असल्या, तरी प्रवाशाला एकाकडून दुसऱ्याकडे जायचे तर बाहेर पडून रस्त्याने चार-पाच किलोमीटरचा वळसा घालावा लागतो, आणि संध्याकाळी सात वाजता त्या रस्त्याला चार किलोमीटर म्हणजे किती वेळ, हे मुंबईकराला सांगायला नको. मी काउंटरवर पोचले तेव्हा ते बंद होऊन सात मिनिटे झाली होती. बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढलेल्या बाईला स्वतःचे तिकीट वाचता आले नाही, हे पुढे वर्षभर घरात ऐकावे लागले.

म्हणून या हिवाळ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन फ्रँकफर्टला जायचे ठरले, तेव्हा मी मनाशी एक गाठ बांधली. आठवणीवर, ऐकीव माहितीवर आणि ‘नेहमी असेच असते’ यावर एकही पाऊल टाकायचे नाही. कागदावर आणि फलकावर जे छापलेले असेल तेवढेच खरे धरायचे. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे, भावजयीचे दिवस भरत आले होते आणि आईचा हा पहिलाच परदेशप्रवास होता. आता तर नवी मुंबईचाही विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन सुरू झाला आहे, त्यामुळे पुण्याहून निघणाऱ्याने केवळ ‘मुंबईहून विमान आहे’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. विमानतळ कोणता, टर्मिनल कोणते आणि तारीख कोणती, या तीन गोष्टी मी तिकिटावर लाल पेनाने अधोरेखित केल्या.

त्यांतला तारखेचा घोळ सर्वांत फसवा निघाला. विमान ३० तारखेला १ वाजून १० मिनिटांनी सुटणार होते. युरोपकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणजे प्रवाशाने घर सोडायचे ते आदल्या दिवशी. आमच्या ओळखीचे एक कुटुंब असेच ‘तीस तारखेला रात्री’ सहा बॅगा घेऊन विमानतळावर हजर झाले होते, विमान जाऊन वीस तास उलटल्यावर. मी कालनिर्णयावर २९ तारखेच्या चौकोनात ‘निघणे, दुपारी ४’ असे लिहिले. आईने चष्मा लावून तो चौकोन पाहिला आणि म्हणाली, "अगं, त्या दिवशी एकादशी आहे." मी तिला समजावले की विमान दुसऱ्या दिवशीचे आहे, तारीख रात्री बाराला बदलते. "तुमची बदलत असेल. माझा दिवस सूर्य उगवल्याशिवाय बदलत नाही. म्हणजे विमान एकादशीलाच आहे." पंचांगाच्या हिशेबाने तिचे म्हणणे बिनतोड होते, आणि तेही छापीलच होते. उपास धरूनच निघायचे ठरले.

सामान भरणे हा आमच्याकडे तीन दिवस चाललेला वाद होता. बाळंतिणीकडे निघालेली आजी डिंकाच्या लाडवांशिवाय निघत नाही, आणि नेमक्या त्या लाडवांच्या आड दोन नियम येत होते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, म्हणजे तुपाची बरणी गेली, पेढे गेले आणि तुपात वळलेल्या लाडवांबद्दल तिथल्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्याची माझी तयारी नव्हती. दुसरे असे की सुके खोबरे विमानात चालत नाही. त्यात तेलाचे प्रमाण भरपूर असल्याने ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंमध्ये मोडते, मग ते हातातल्या पिशवीत असो वा खाली पोटात जाणाऱ्या बॅगेत. आईने आधी माझ्याकडे आणि मग खोबऱ्याच्या वाट्यांकडे असे काही पाहिले की जणू त्यांचा अपमान झाला आहे. अखेर तोडगा तिनेच काढला. डिंक, खारकेची पूड, सुंठ आणि भाजलेल्या बाळंतशोपा इथून न्यायच्या, लोणी तिथे घेऊन कढवायचे, खोबऱ्याचा कीस तिथल्या दुकानातून आणायचा आणि लाडू भावाच्या ओट्यावर वळायचे. पुडी, मसाले, मेतकूट असे सगळे मी मोठ्या बॅगेत घातले, कारण तिखट-मसाल्यांच्या पुड्या हातातल्या सामानात घेऊ देत नाहीत. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र याच्या बरोबर उलट, ती हातातल्याच पिशवीत हवी. बॅगेत राहिली तर क्ष-किरण तपासणीत सापडते, बॅग बाजूला काढली जाते आणि प्रवाशाला बोलावणे येते. रात्री बारा वाजता स्वतःचीच बॅग उघडून चिवड्याच्या पाकिटांखाली हात घालत बसण्यात काही मौज नाही. प्रत्येकी २३ किलोची मर्यादा होती. स्प्रिंगच्या काट्याला बॅग लटकवून, काटा २२ च्या पुढे जाऊ न देता, मी दोन्ही बॅगा बंद केल्या. वरचा एक किलो मी मुद्दाम मोकळा ठेवला, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचे नेहमी पटतेच असे नाही.

कागदांची तयारी हा माझा प्रांत. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावाला बाबांचे नाव जोडलेले आहे, आधार कार्डावर ते नाही, आणि भावाने तिकीट काढताना घरात हाक मारायच्या सवयीने वेगळेच नाव टाकले होते. परदेशी जाताना तिकिटावरचे नाव पासपोर्टाशी जुळायलाच हवे, म्हणून विमान कंपनीला फोन करून ते आधीच दुरुस्त करून घेतले. तिकिटावर मधे जागा न सोडता आईचे आणि बाबांचे नाव सलग छापले जाते, ते पाहून मात्र घाबरायचे कारण नाही. तशी पद्धतच आहे. त्याच फोनवर मी आईसाठी व्हीलचेअर सांगितली. ही मागणी निदान ४८ तास आधी नोंदवायची असते. आई घरात काठी न घेता हिंडते, पण उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि त्या इमारतीत दारापासून विमानापर्यंतचे अंतर मला ठाऊक होते. पासपोर्ट, परतीच्या तारखेसह तिकीट, भावाचे निमंत्रणपत्र, प्रवास विम्याचा कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी एवढे सगळे मावेल अशी गळ्यात अडकवायची पिशवी आईने जुन्या खणाच्या चोळीच्या कापडातून शिवली. माझ्याकडे प्लॅस्टिकचे फोल्डर होते. रात्रभरात ते तीनदा माझ्या हातातून निसटले. खणाची पिशवी एकदाही नाही.

रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. चार वाजता निघालो, खंडाळ्याच्या घाटात अपेक्षेप्रमाणे पाऊण तास गेला, वाशीच्या पुलावर अंधार पडला आणि सहारच्या उन्नत मार्गावर गाडी चढली तेव्हा साडेनऊ वाजत होते. फार लवकर पोचण्यातही अर्थ नसतो, कारण काउंटर सुटण्याच्या तीन-चार तास आधीच उघडतात आणि तोवर सामानाच्या गाड्यांच्या गर्दीत उभे राहावे लागते. मुंबईतल्यांना आता मेट्रोची ॲक्वा लाइन आहे, तिचे टर्मिनल २ साठी वेगळे स्थानक आहे आणि मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मार्गाला मिळते. एकटी आणि एका बॅगेनिशी असते तर मीही तोच मार्ग धरला असता.

उन्नत मार्ग थेट चौथ्या मजल्यावर, म्हणजे प्रस्थानाच्या दारांपुढे नेऊन सोडतो. इथे चालक घाई करतात, कारण मागचा हॉर्न वाजवत असतो, आणि या घाईत गाडीत काहीतरी राहते. मी उतरण्याआधीच मोजणी ठरवली होती: दोन मोठ्या, दोन लहान, एक काठी, एक आई. मोजून झाल्यावरच डिकी बंद करू दिली. ट्रॉली फुकट मिळते. ती घेऊन आम्ही दाराच्या रांगेत उभ्या राहिलो. आत फक्त प्रवाशालाच सोडतात, त्यामुळे निरोपाचे सगळे कार्यक्रम या फुटपाथवर होतात. आमच्या पुढे एका मुलाच्या कपाळावर त्याच्या आजीने सगळ्यांदेखत दह्याचे बोट लावले. त्याने ते पुसले नाही. तसाच पासपोर्ट दाखवून आत गेला. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान पासपोर्ट, तिकीट आणि चेहरा या तिन्हींची सांगड घालतो. देशांतर्गत प्रवासाला इथे डिजियात्रेची सोय आहे, चेहरा दाखवला की दार उघडते; परदेशी जाणाऱ्याला मात्र कागदच लागतो. पिशवी आईच्या गळ्यातच असल्याने आम्हाला अर्धा मिनिटही लागला नाही. शेजारच्या रांगेतले गृहस्थ ट्रॉलीवरची तळातली बॅग उघडून पासपोर्ट शोधत होते.

आत शिरल्यावर आईने मान वर केली आणि थांबली. पांढरेशुभ्र छत, त्यात मोरपिसांवरच्या डोळ्यांसारखे झरोके आणि खांब वर जाताना पसरत पसरत छतातच मिसळून गेलेले. तिने जुने सहार पाहिले होते, भाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा, काचेला नाक लावून. "हे लग्नाचं कार्यालय केवढ्याला पडेल गं?" असे तिने विचारले, आणि मी तिला थांबू दिले; वेळ होता.

काउंटरांच्या ओळी इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जातात आणि आपल्या विमानाला कोणती ओळ आहे हे शिरल्या शिरल्या दिसणाऱ्या मोठ्या पडद्यावर असते. लोक पडद्याखालून पुढे जातात आणि मग समोर दिसेल त्याला विचारतात. मी आधी पडदा वाचला आणि सरळ ओळीत गेले. बॅगा भरल्या २१.८ आणि २२.४. काउंटरवरच्या मुलीकडून तीन गोष्टी मी तोंडाने वदवून घेतल्या: बॅगा थेट फ्रँकफर्टपर्यंत जाणार आहेत, आम्हा दोघींच्या जागा शेजारी आहेत आणि आईच्या बोर्डिंग पासवर व्हीलचेअरची नोंद आहे. तिने तिन्ही वेळा मान डोलावली. तरी बॅगांच्या पावत्यांवरची ठिकाणाची अक्षरे मी पाहून घेतली आणि पावत्या पिशवीत टाकल्या. पाहण्याला फक्त दोन सेकंद लागतात.

व्हीलचेअरसाठी पंचवीस मिनिटे थांबावे लागले. एका ओळीत पंधरा-वीस म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवले होते आणि खुर्च्या येतील तसे एकेकाला नेत होते. इथे मनातले सांगून टाकते: व्हीलचेअर मागणाऱ्यांतले सगळेच चालू न शकणारे नसतात. काहींना भाषा येत नाही, काही वाट चुकण्याला घाबरतात, आणि काहींना नुसतीच रांग चुकवायची असते. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या मोठ्या जागेत हाताला धरून नेणारे माणूस मागणे ही काही चैन नव्हे. तिसऱ्यांमुळे मात्र खरोखरच गरज असलेल्याला ताटकळावे लागते. आमच्या पुढे बसलेल्या एका बाईंनी आपले नाव पुकारताच टुणकन उठून खुर्ची गाठली, तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "पावली हो हिला एकादशी!"

आमच्या वाट्याला आलेला मुलगा पंचविशीतला, बोलण्यावरून कोकणातला. "आजी, पाय वर घ्या, पट्टीवर. काठी माझ्याकडे द्या. ताई, पासपोर्ट तुमच्याच हातात ठेवा, मला देऊ नका." शेवटचे वाक्य ऐकून मला तो मुलगा फार आवडला. मदतनीस टप्प्याटप्प्याला बदलतात, एक जण रांगेपर्यंत नेतो, दुसरा पुढे घेतो, आणि या हातातून त्या हातात जाताना कागद हरवतात ते असे. तो सराईतपणे वाट काढत होता, आणि मी सामानाची लहान पिशवी सावरत मागून जवळजवळ धावत होते.

इमिग्रेशनच्या रांगा मोठ्या होत्या. आधी नावनोंदणी करून ठेवलेल्यांसाठी जानेवारी २०२५ पासून मुंबईत स्वयंचलित दारेही आहेत. वारंवार जाणाऱ्यांनी ती नोंदणी करून घ्यावी, आमच्यासारख्यांना तिची गरज नव्हती. व्हीलचेअरवाल्यांना वेगळी रांग होती. भारतीयांना भरावे लागणारे प्रस्थानाचे कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झाले आहे, तरीही एक काका प्रत्येकाला "फॉर्म कुठे मिळतो?" असे विचारत फिरत होते, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना गंभीरपणे दिशा दाखवणारेही भेटत होते. खिडकीमागचा अधिकारी मराठी निघाला, हे चांगले झाले आणि वाईटही, कारण आईला बोलायला माणूस मिळाला.

"कुठे निघालात आजी?"

"धाकट्याकडे. सुनेचे दिवस भरलेत."

"किती दिवस राहणार?"

या प्रश्नाची तयारी मी घरी दोनदा करून घेतली होती. उत्तर होते ‘दोन महिने’. आईने मात्र खरे काय ते सांगितले. "ते बाळावर आहे. बारसं व्हायला हवं, मग सव्वा महिना, आणि तिचे आईवडील आले तर मी सुटले, नाही आले तर बघू."

अधिकाऱ्याचा हात की-बोर्डावर थबकला. व्हिसा नव्वद दिवसांच्या आतला, आणि समोरची प्रवासी म्हणते आहे की ‘बघू’. मी बोलायला लागले नाही. खणाच्या पिशवीतून परतीचे तिकीट काढून, तारखेवर बोट ठेवून काचेखालून सरकवले. त्याने तारीख पाहिली, व्हिसावरची मुदत पाहिली, आईकडे पाहिले, आणि शिक्का मारताना म्हणाला, "या तारखेला परत यायचं हं आजी. बाळ काहीही म्हणो." मनात आले, इथे तोंडी खुलाशाला कागदाइतकी किंमत नाही आणि ते बरेच आहे, नाहीतर आमच्या घरातल्या कोणाचाही परदेशप्रवास झाला नसता.

सोन्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. आईच्या हातातल्या पाटल्या तिच्या लग्नातल्या. दागिने घालून जायचे आणि परतताना कस्टमने हे तिकडून आणले का असे विचारू नये असे वाटत असेल, तर जातानाच कस्टमच्या अधिकाऱ्याकडे दाखवून त्यांची नोंद असलेला दाखला घ्यायचा असतो. त्यासाठी दागिन्यांचे मूल्यमापन वगैरे लागते आणि वेळ जातो. मी सुचवले की पाटल्या लॉकरमध्ये ठेव. तिने ठेवल्या, आणि एक ग्रॅम सोन्याच्या बांगड्या घातल्या. वाटभर ती त्या पदराआड झाकत होती, खऱ्या पाटल्या तिने कधी झाकल्या नव्हत्या.

सुरक्षा तपासणीत आमची खरी परीक्षा झाली, आणि ती माझ्यामुळे नव्हे. लॅपटॉप, मोबाइल, पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये. औषधांची पिशवी चिठ्ठीसह वर. हे सगळे मी रांगेत असतानाच हाताशी काढून ठेवले होते. ट्रेपाशी पोचल्यावर पट्टे आणि घड्याळे काढायला लागणारे लोकच रांग थांबवतात. आईचा गुडघा धातूचा असल्याने चौकटीतून जाताना यंत्र वाजणार हे ठाऊक होते. तिला पडद्याआड नेऊन महिला जवानाने हातातल्या यंत्राने तपासले, गुडघ्याशी ते वाजले, आईने नऊवारीतून दिसेल तेवढा व्रण दाखवण्याची तयारी दर्शवली, आणि जवान बाई हसून "बस, अम्मा, बस" म्हणाल्या. इतके सगळे सुरळीत झाल्यावर तिची लहान पिशवी मात्र पट्ट्यावरून बाजूच्या टेबलावर गेली.

आत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. त्याला कोणाची हरकत नव्हती, कोरडे खाणे नेता येते. डब्याखाली, मला न सांगता, फडक्यात गुंडाळून ठेवलेला दुसरा स्टीलचा डबा होता. त्यात दही. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात कोणताही द्रव वा पातळसर पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नेता येत नाही. भांडे अर्धे भरलेले असले तरी मोजतात ते भांड्याचे माप. आईचा डबा पाव लिटरचा. टेबलामागच्या जवानाने तो उघडला, वास घेतला, आणि दोन पर्याय ठेवले: इथेच संपवा किंवा टाकून द्या.

"अन्न टाकायचं नाही," आई खुर्चीतून म्हणाली.

"मग तू खा."

"नुसतं कसं खाऊ? साखर कुठंय? आणि मी आत्ताच दोन केळी खाल्लीत."

रात्री अकरा वाजता, मुंबई विमानतळाच्या सुरक्षा तपासणीच्या टेबलापाशी उभी राहून, डब्याच्या झाकणाने खात, मी सायीचे पाव लिटर दही संपवले. व्हीलचेअरचा मुलगा दुसरीकडे पाहत होता. त्याचे खांदे हलत होते. जवानाने रिकामा डबा पुन्हा यंत्रातून घातला आणि आदराने परत केला. खरे तर छापील नियम मी आईला वाचून दाखवला होता, पण दही हा द्रव आहे हे तिला मान्यच नव्हते. "पाणी सुटलेलं नव्हतं की," एवढेच ती म्हणाली.

तिथून पुढची वाट दुकानांमधून वळणे घेत जाते, आणि ती तशीच आखलेली आहे. दुकान न लागता गेटपर्यंत जाता येत नाही. आम्ही न थांबता पुढे गेलो. थांबलो ते एका लाकडी दर्शनी भागापाशी. या इमारतीतून ‘जय हे’ नावाचे संग्रहालय फिरते, जवळपास तीन किलोमीटर लांबीची भिंत आणि त्यावर देशभरातून आणलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तू. राजीव सेठी यांनी त्याची मांडणी केली आहे. कोरीव चौकटी, झरोके, जुनी दारे. आईने मुलाला थांबायला सांगितले आणि एका तुळईच्या टोकाकडे काठीने बोट दाखवले. "हे आपल्या वाड्यात होतं बघ, माजघराच्या दारावर. बिल्डरनं जळणात दिलं." मुलाने खुर्ची जरा जवळ नेली. मग तो म्हणाला, "आजी, चला, माझ्या पाठीमागे अजून चार आजी आहेत."

गेटपाशी त्याने आम्हाला राखीव खुर्च्यांजवळ बसवले, गेटवरच्या मुलीला आईचे नाव सांगितले आणि व्हीलचेअर घेऊन गेला. बारा वाजायला दहा मिनिटे होती. आई खिचडी खाऊन कान टवकारून बसली होती. "ते आपल्याला बोलावतील ना?" तिला वाटत होते की एसटी स्टँडसारखी घोषणा होईल. मुंबईचा विमानतळ बरीच वर्षे शांत विमानतळ म्हणून चालवला जातो. विमानांच्या सरसकट घोषणा इथे होत नाहीत. ज्याने त्याने पडद्यावर लक्ष ठेवायचे. इतकी शांतता सुखाची असते, पण ती माणसाला पेंगवते, आणि तिथेच धोका असतो. मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावून मी प्रत्येक गजराला उठून पडद्यापर्यंत जात होते. दुसऱ्या गजराला आमच्या विमानापुढचा गेटचा आकडा बदललेला होता.

आजूबाजूला पन्नास-साठ माणसे त्याच विमानाची, आणि बहुतेक जण मान मोबाइलात घालून बसलेले. मी आधी आईकडे आले नाही; आधी गेटवरच्या मुलीकडे गेले, नवा आकडा खरा असल्याची खात्री करून घेतली आणि आईसाठी वाहन मागितले, कारण नवे गेट इमारतीच्या त्या बाजूच्या दुसऱ्या टोकाला होते. तिने वॉकीटॉकीवर निरोप दिला. मग परत येऊन मी शेजारच्या कुटुंबाला सांगितले, त्यांनी पुढच्यांना, आणि दोन मिनिटांत ती सगळी रांग कुजबुजत उठली. बॅटरीची गाडी यायला बारा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात आई तीनदा म्हणाली की आपण चालत गेलो असतो तर पोचलो असतो. गाडीतून जाताना तिने सरकत्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या लोकांना मागे पडताना पाहिले आणि तिचे म्हणणे मागे घेतले.

व्हीलचेअरवाल्यांना विमानात सर्वांत आधी घेतात, आणि उतरवतात सर्वांत शेवटी. हा दुसरा अर्धा भाग मी फ्रँकफर्टला भावाला आधीच कळवून ठेवला होता, म्हणजे तो बाहेर उगाच काळजी करत बसणार नाही. गेटपासून विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या पुलाच्या तोंडाशी आईने खुर्ची सोडली आणि काठी टेकत स्वतःच्या पायांनी आत गेली. तिला खिडकी दिली. पट्टा लावताना तिला बांगड्या आठवल्या, पदर सारखा केला, आणि बोर्डिंग पासचा राहिलेला तुकडा तिने हातात धरून दिव्याखाली वाचला. "यावर तीस तारीख आहे."

"हो, बारा वाजून गेले."

"मग उपास कधी सोडायचा?"

हा हिशेब मी केलेला नव्हता. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या थोडा पुढे उगवतो. फ्रँकफर्टला तो आठच्या सुमारास उगवतो, आणि तिथले घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मी बोटांवर मोजून तिला सांगितले की द्वादशी या वेळी जवळजवळ साडेपाच तास उशिरा उजाडणार आहे. तिने तुकड्याची घडी घालून खणाच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीची नाडी आवळली.

"डबा रिकामा आहे ना? दे इकडे. तिथे लोणी आणायला लागेल."